बांधाच्या आतली माती

"मॅडम, तुम्ही माती तपासता ना? मग आमच्या डाळिंबाला कोणतं खत घालू?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, बँकेत विचारला गेलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी मी खुर्चीत आ वासून बसलेली असताना विचारला. उत्तर ठरलेलं. खतातलं मला ओ की ठो कळत नाही. इमारत उभी राहील की खचेल, तेही दुसरे लोक सांगतात. मी बिघडलेली माती तपासते. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कारखाने आले, वाढले, काही बंद पडले, काही दुसरीकडे गेले. शेड उचलली तरी जमीन जागच्या जागी राहते. ती विकायची वेळ आली, तिच्यावर घरं बांधायची ठरली, की कुणीतरी विचारतं, "या मातीत काही मुरलंय का?" त्याचं उत्तर देण्यात माझी तीसेक वर्षं गेली.

लोकांना वाटतं, त्यात काय एवढं? खड्डा घ्यायचा, पिशवीत माती भरायची, प्रयोगशाळेत धाडायची. पण खड्डा घ्यायचा कुठे? आमटी आपण ढवळतो, एक पळी चाखतो आणि मीठ कमी की जास्त ते सांगतो. जमीन कुणी ढवळलेली नसते. इथे विष असेल आणि चार पावलांवर माती अगदी चोख असेल. सगळी जमीन खणता येत नाही, आणि प्रत्येक चाचणी महाग, म्हणून मोजकेच नमुने मिळतात. त्या मोजक्या नमुन्यांतून जमिनीकडून खरं बोलवून घ्यायचं, हा आमचा धंदा.

गिऱ्हाईकंही एकेक भेटली. चाकणच्या एका कारखान्यात मी पोहोचायच्या आधीच साहेबांनी नमुन्यांच्या जागांवर छोटे झेंडे रोवून ठेवले होते. सगळे झेंडे हिरवळीवर, कारंज्याभोवती. म्हणाले, "इथे सावली आहे, तुम्हाला त्रास नको." मी आभार मानले आणि भंगाराचं आवार कुठे आहे ते विचारलं. दुसरे एक गृहस्थ मी घेतलेल्या प्रत्येक पिशवीला हात जोडायचे. त्यांचे नमुने चांगले निघाले, हेही सांगायला हवं.

पण आज सांगणार आहे ती चऱ्होलीच्या एका जमिनीची गोष्ट. काही वर्षांपूर्वीची.

जमीन हौसाआक्कांची. गावातलं जुनं शेतकरी घराणं. नवरा लवकर गेला, एक मुलगा बाळासाहेब, सून आणि चौथीतली नात. रस्त्याच्या कडेला त्यांनी पूर्वी एक शेड भाड्याने दिली होती. तिथे शेट्ये नावाच्या रत्नागिरीकडच्या माणसाने मोटारसायकलच्या हँडलना आणि नळांना क्रोमचा मुलामा देण्याचं काम बरीच वर्षं केलं. पुढे काम चाकणला गेलं आणि शेड बंद पडली. शेडमागे मोकळं शेत, आणि शेताच्या टोकाला, उताराच्या कोपऱ्यात, आक्कांचं घर नि अंगण. आजूबाजूला बारा-बारा मजले उभे राहिले होते. आता या जमिनीचाही सौदा ठरला होता. शेड आणि शेत बिल्डरकडे जाणार, घराचा कोपरा आक्कांकडे राहणार. बिल्डरला कर्ज देणाऱ्या बँकेने मात्र अख्ख्या गटाची माती तपासून मागितली, म्हणून मला बोलावणं आलं.

पहिल्या दिवशी आम्ही बांधाबांधाने चाललो. बिल्डरचा मॅनेजर निखिल, हिंजवडीहून ट्रॅफिक काढत आलेला, पांढऱ्या बुटांना जपत पाऊल टाकणारा मुलगा. बाळासाहेब मोबाईल कानाला लावून. आणि सगळ्यांच्या मागून हौसाआक्का.

"बाई, माती तपासून काय व्हनार?" त्यांनी मला गाठलंच. "मी लगीन हून आले तवापास्नं हितलंच खाती. मला काय झालंय?"

"काही नसेल तर तसंच लिहीन, आक्का."

"आन् आसंल तर?"

"तर तेही लिहीन."

त्या थांबल्या. "मग सौदा मोडंल. बाळ्यानं पोरीच्या शिक्षनाचं समदं त्याच्यावर धरलंय."

मी नकाशा उलगडला आणि पुढच्या बांधाकडे वळले. 

आराखडा मी दोन दिवसांत केला. शेडखाली आणि तिच्या नालीच्या कडेने दाट खड्डे, कारण तिथे काही सापडणार याची खात्रीच होती. रसायनांची पिंपं ठेवायच्या जागेवर मध्यम. शेत आणि घराचं अंगण इथे कधी कारखान्याचं काम झालं नव्हतं, म्हणून तिथे विरळ. आणि त्या विरळ भागात चार-चार खड्ड्यांची माती एकत्र कालवून तिची एकच चाचणी. चारांच्या खर्चात एक. एक अट मात्र मी कधी सोडत नाही. कालवण्याआधी प्रत्येक खड्ड्यातली थोडी माती वेगळ्या पिशवीत जपून ठेवायची. शिवाय जेवढे नमुने मंजूर होते, त्यातला तिसरा हिस्सा मी वापरलाच नाही. पहिली फेरी काय सांगते ते ऐकून दुसरी फेरी कुठे घ्यायची ते ठरवायचं होतं.

निखिलला आराखडा पटला नाही. "मॅडम, हे ठिपके वाकडेतिकडे का? सरळ रांगा मारा ना. आणि सगळे नमुने वापरून टाका. बँकेला भरगच्च दिसलं पाहिजे."

"तुमची आई ठिपक्यांची रांगोळी काढते?"

"काढते. का?"

"सरळ ठिपके मांडले तर मधे चौकोनी पोकळी मोठी राहते. एका रांगेतले ठिपके खालच्या रांगेच्या मधोमध सरकवले की पोकळी लहान होते. तेवढेच ठिपके, पण सुटायला जागा कमी."

तो हसला. "आणि शिल्लक ठेवलेले?"

"त्यांची जागा मला आज माहीत नाही. माहीत असती तर तपासायला कशाला आले असते?"

त्याने खांदे उडवले, पण सही केली.

निकाल आले. शेडखाली क्रोमियमचा विषारी प्रकार सापडला, अपेक्षेप्रमाणेच, पण एका अरुंद पट्ट्यात. शेत चोख. अंगणाच्या मिश्र नमुन्यात तोच प्रकार होता, पण मर्यादेच्या बराच खाली. निखिलचा लगेच फोन.

"मॅडम, अंगण पास ना? शेडचा पट्टा खणून टाकू. रिपोर्ट आज मिळेल?"

"नाही मिळणार."

"का? मर्यादेच्या आत आहे."

"चार कप चहा घ्या. तीन बिनसाखरेचे, एकात चार चमचे साखर. सगळे एका पातेल्यात ओतून चाखलं तर काय लागेल?"

"बेताचा गोड."

"आणि तो एक कप मधुमेहाच्या माणसापुढे गेला तर?"

 तो म्हणाला, "पण असं तर प्रत्येक वेळी म्हणता येईल."

"प्रत्येक वेळी नाही. चारांचा मिळून आकडा मर्यादेच्या चौथ्या हिश्श्याखाली असता, तर चारांतला एकही मर्यादेबाहेर असू शकला नसता. हा त्याच्या वर आहे. म्हणून पिशव्या उघडायच्या."

मला आणखी एक गोष्ट खुपत होती. आमच्या काळ्या मातीत साधं क्रोमियम मुळातच असतं, खडकातून आलेलं, कुणाला न बाधणारं. पण हा विषारी प्रकार इकडच्या मातीत आपोआप येत नाही. थोडा असो की फार, तो कुणीतरी आणावा लागतो. शेडपासून इतक्या लांब, मधे सबंध चोख शेत असताना, तो अंगणात आला कसा?

जपून ठेवलेल्या चारही पिशव्या तपासल्या. तीन स्वच्छ. चौथीचा आकडा मी दोनदा वाचला. शेडच्या नालीत होता त्याहून जास्त. खड्डा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळचा. पिशव्यांची अदलाबदल झाली असेल असं मला आधी वाटलं. खरं सांगायचं तर तसं झालं असावं, असं मला मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी माणसं घेऊन गेले आणि तिथेच रुंद खड्डा घ्यायला लावला. वर वीतभर काळी, भुसभुशीत, शेणखताची माती. शेजारीच आक्कांचे अळूचे आणि मेथीचे वाफे. खाली फावडं खरखरलं. सिमेंटच्या ढपल्या आणि मुरूम, आणि त्या मुरमाला पिवळट हिरवी झाक. तो रंग एकदा पाहिला की विसरता येत नाही.

आक्का कडेला उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्यो तर शेट्येचा भराव!"

"कसला भराव?"

"आवो, आमचं घर खोलगट जागंला. दर पावसाळ्यात चुलीपतुर पानी. समदी रात भांडी उचलून बसायचो आमी. शेट्येनं शेडची फरशी उकरून नवी केली तवा म्हनला, आक्का, ह्यो मुरूम टाकायला न्यायचाच हाय, तुमच्या मागल्या दारी टाकू का? सोता ट्रॅक्टरबरूबर आला. उन्हात हुबं राहून सपाट करून घेतला. एक पैसा घेतला न्हाई. तवापास्नं पानी न्हाई आलं घरात. मग मी वर शेतातली चांगली माती टाकून वाफं केलं."

बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"बाई, त्येच हाय का ते?"

"हो आक्का."

त्या वाफ्याच्या कडेला बसल्या. अळूच्या एका पानावर हात ठेवला आणि पुन्हा काढून घेतला. "पोरीला अळवाच्या वड्या लई आवडत्यात," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले. बाळासाहेबांचा आवाज चढला होता. "मॅडम, शेडचं काय ते लिहा. हा कोपरा कशाला घालताय त्यात? तो विकायचा नाहीच. आमचं घर आहे, आम्ही राहणार, आमचं आम्ही बघू. बँकेने वाचलं तर सगळा गट अडकेल, राव!"

मी निखिलकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "टेक्निकली ते बरोबर आहे, मॅडम. कोपरा सौद्यात नाही."

असे प्रसंग या कामात पुष्कळ येतात, पण नेहमी कुणीतरी दुसऱ्याची जागा लपवत असतो. स्वतःच्या स्वयंपाकघरामागची जागा लपवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला त्याचा राग आला नाही. त्याने सगळं भविष्य त्या सौद्यावर मांडलं होतं.

"बाळासाहेब, मी लिहिलं नाही म्हणून ते तिथून जाणार नाही," मी म्हणाले. "उद्यापासून त्या वाफ्यातलं कुणी खाणार?"

 उत्तर आतून आलं. आक्का दाराशी उभ्या होत्या.

"लिव्हा बाई. समदं लिव्हा. सौदा मोडला तर मोडला." मग थोड्या हळू आवाजात, "फकस्त शेट्येचं नाव घालू नका. त्येनं माझं भलं कराया टाकलंय ते."

अहवालात नावं लिहीत नाहीत, 'बाहेरून आणलेला भराव' एवढंच लिहितात, असं मी सांगितलं. त्यांना बरं वाटलं.

आता शिल्लक नमुन्यांना जागा मिळाली होती. त्या खड्ड्याभोवती कडं करून माती घेतली, जिथे वाईट निघाली तिथून आणखी बाहेर सरकलो, जिथे चोख निघाली तिथे थांबलो. चार बाजूंनी असं सरकत गेल्यावर डागाची कड हाती आली. एका खोलीएवढा डाग. सबंध अंगण उकरायची गरज नव्हती, घर पाडायची तर अजिबात नव्हती. विहीर चढाच्या बाजूला होती, तिचं पाणी स्वच्छ निघालं. घरातल्या सगळ्यांची डॉक्टरांकडून तपासणी झाली. कुणाला काही बाधलेलं दिसलं नाही, आणि तो अहवाल हातात येईपर्यंत बाळासाहेबांची बायको माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. बँकेने सौदा मोडला नाही, लांबवला. डाग किती मोठा आहे हे ठाऊक असलं की माणसं घाबरत नाहीत, कामाला लागतात.

खोदाई सुरू झाली त्या सकाळी एक म्हातारे गृहस्थ रिक्षातून उतरले. दिघीला मुलाकडे राहत होते. जुन्या एका कामगाराकडून त्यांना कळलं होतं. शेट्ये. ते खड्ड्याच्या काठाशी येऊन उभे राहिले. पिवळट मुरूम बंद पिंपांत भरला जात होता. 

"तेव्हा आम्हाला सगळे एवढंच सांगायचे, नाल्यात पाणी सोडू नका," ते म्हणाले. "मी कधी सोडलं नाही हो. पण फरशीला भेगा होत्या. खालच्या मुरमात काय उतरलं असेल, हे मनातच आलं नाही. मला वाटलं, मुरूम तो मुरूम."

आक्कांनी खुर्ची आणून ठेवली. "बसा. च्या ठेवलाय."

ते बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून मला म्हणाले, "मॅडम, सगळा भराव इथे मावला नव्हता. उरलेला पलीकडच्या बालवाडीला दिला. त्यांच्या आवारातही पाणी साचायचं."

फावडी थांबली. खरं तर ती चालूच असतील, मला ऐकू येईनाशी झाली असतील.

निखिल म्हणाला, "मॅडम, ते आपल्या गटात येत नाही." यात त्याचं चुकलं नव्हतं. माझ्या आराखड्यातला एकही ठिपका बांधाच्या पलीकडे नव्हता, असूच शकत नव्हता. ज्याची जमीन, त्याचा प्रश्न, आणि प्रश्न जिथे संपतो तिथे माझं काम संपतं. तीस वर्षं मी किती बांधांपाशी अशी थांबले असेन, ते मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. मी डाग नजरेतून सुटू नये याचे सगळे हिशेब केले होते, आणि अर्धा डाग कुंपणापलीकडे बसून होता. शेट्ये आले नसते तर तो कुणालाच कळला नसता.

"माझी पोरगी त्याच बालवाडीत होती," बाळासाहेब म्हणाले आणि गाडीची किल्ली काढली. "चला."

दोन खोल्या, पुढे पत्र्याची घसरगुंडी, रंगवलेले टायर. मुलं घरी गेली होती. बालवाडीच्या बाई आवार झाडत होत्या. आम्ही कोण, कशाला आलो, ते सांगितल्यावर त्यांनी झाडू भिंतीला लावला आणि म्हणाल्या, "घसरगुंडीखाली मुलं रोज उकरतात. भातुकली खेळतात तिथे." वर रेती होती. हातभर खणलं आणि तोच रंग दिसला.

 परतताना गाडीत निखिल पुढच्या सीटवरून मागे न वळता म्हणाला, "मॅडम, आपले काही नमुने अजून उरलेत ना? तिथे लावा. साहेबांना मी सांगतो."

निकाल आम्हाला ठाऊक होता तोच आला. बालवाडीच्या बाईंनी आवाराला कुलूप लावलं आणि पालकांना बोलावलं. पण सभा व्हायला थोडे दिवस गेले. तोवर आक्कांच्या अंगणातलं काम संपलं होतं. डाग उचलून झाल्यावर खड्ड्याच्या चारही भिंतींची आणि तळाची माती मी पुन्हा तपासून घेतली होती. भरायला आणलेली माती ज्या शेतातून आली, त्या शेतातच आधी तपासली होती.

सभेला शेट्ये आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचा मुलगा बाहेर गाडीत बसून राहिला, त्याला हे मान्य नव्हतं. पालक बहुतेक भाड्याने राहणारे, लातूर-बीडकडून कंपन्यांत कामाला आलेले. काहीजण शिफ्ट बुडवून आले होते. मी काय सापडलं ते सोप्या शब्दांत सांगितलं आणि मुलांना डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. मग शेट्ये उभे राहिले.

"ती माती मी टाकली," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं. पण टाकली मीच."

एकदम गलका झाला. एक तरुण बाप त्यांच्या अंगावर धावून गेला, दोघांनी त्याला आवरलं. एक बाई रडायलाच लागली. शेट्ये मान खाली घालून उभे होते, बसत नव्हते, जातही नव्हते. तेवढ्यात मागच्या रांगेतून हौसाआक्का उठल्या, गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.  गावातली जुनी बाई तिथे बसल्यावर गलका हळूहळू खाली आला.

मग एका आईने विचारलं, तिच्या कडेवर मूल होतं, "आम्ही दोघं कंपनीत जातो. आवार बंद ठेवणार म्हणता, मग हे साफ होईपर्यंत पोरांनी खेळायचं कुठं? इथली कुठली माती चांगली हाय, हे कुणाला माहितीये?"

कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सबंध पट्ट्यात किती ठिकाणी कुणाचा मुरूम पडलाय, हे सांगणारा एकही माणूस नाही.

"माज्या अंगनात धाडा पोरं," आक्का म्हणाल्या. "बालवाडी तिथंच भरवा. तिथली माती तळापतुर तपासलीया. भिंती तपासल्या, नवी माती तपासली. ह्या गावात तिच्याइतकी तपासल्याली माती दुसरी न्हाई." आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, "व्हय ना वो बाई?"

अहवालात मी आजवर कधीही 'चांगली' हा शब्द लिहिलेला नाही. आम्ही 'मर्यादेच्या आत' असं लिहितो, त्याखाली अटी लिहितो, अटींखाली सही करतो. पंचवीस-तीस आईबाप माझ्या तोंडाकडे बघत होते.

"व्हय," मी म्हणाले. "चांगली आहे."

सोमवारी बाळासाहेबांनी स्वतः टेम्पो आणून घसरगुंडी अंगणात हलवली.